एकास वीस : जिरेनियम तेलाच्या बाटलीची हकीकत

मी एक जुनी, गडद तपकिरी काचेची बाटली आहे आणि माझ्या पोटात फुलांचा आत्मा आहे.

मित्रांनो, हे वाक्य माझं नाही. ते माझ्या खोक्यावर छापलेलं होतं. आत्म्याचं मला काही माहीत नाही. पोटात आहे ते तेल. जिरेनियमचं, पंधरा मिली. तेही फुलांचं नव्हे, पानांचं. जिरेनियमच्या पानांनाच गुलाबासारखा वास येतो. फुलांचं काम एवढंच की, खोक्यावर त्यांचा फोटो असतो. आणि ‘जुनी’ म्हणजे तेरा महिन्यांची. आत्मवृत्त सांगायला वय लागतं असं ऐकलं होतं, म्हणून थोडं वाढवून सांगितलं.

खेड तालुक्यातल्या एका शेतात पाला कापला, मोठ्या टाकीत दाबून भरला आणि खालून वाफ सोडली. वाफेबरोबर पानांतला वास वर आला, गार झाला आणि पाण्यावर तेलाचा पातळ थर तरंगू लागला. टनभर पाल्यातून किलोभर तेल निघतं. म्हणजे माझ्या पोटात साधारण पंधरा किलो पाला आहे. एका शेळीची चार दिवसांची सोय मी गिळून बसले आहे, असं म्हटलं तरी चालेल.

तळवड्याच्या एका शेडमध्ये मला भरलं, बूच लावलं आणि दोन लेबलं चिकटवली. पुढचं लेबल सोनेरी होतं. त्यावर ‘कांती, निद्रा, मनःशांती’ असं ठळक लिहिलेलं. मागच्या लेबलावर मुंगीच्या अक्षरात लिहिलं होतं : थेट त्वचेवर लावू नये. खोबरेल किंवा तिळाच्या तेलात मिसळून वापरावे. पोटात घेऊ नये. डोळ्यांपासून व लहान मुलांपासून दूर ठेवावे. मित्रांनो, माझी सगळी अक्कल मागच्या बाजूला आहे. माणसं मला पुढून बघतात.

आठ मार्चला मी चाकणच्या एका मोठ्या कंपनीत महिला दिनाची भेट म्हणून गेले. एचआर विभागाने प्रत्येक बाटलीवर ‘स्त्रीशक्तीला सलाम’ असा गुलाबी स्टिकर लावला. पुढची सोनेरी बाजू झाकायची कुणाला इच्छा नव्हती, म्हणून स्टिकर मागे लावला. चारशे बाटल्या होत्या. चारशे सलाम झाले आणि चारशे सूचना झाकल्या गेल्या.

मी विजयश्रीच्या वाट्याला आले.

विजयश्री मूळची उदगीरकडची. आता चिखलीत दोन खोल्यांत राहते, नवरा ज्ञानेश आणि सासू सावित्रीबाई यांच्यासोबत. सहा वर्षं ती कंपनीत कंत्राटावर होती. त्या वर्षी रंगविभागात तपासनिसाची एक कायमची जागा निघाली होती. गाड्यांच्या दारांवर रंगाचा ओरखडा, फोड, धूळ असं काही राहिलं का, ते बघायचं काम. बारा एप्रिलला नजरेची परीक्षा आणि मेडिकल. विजयश्रीची नजर अशी की, सासूने निवडलेल्या तांदळातूनही ती खडा काढायची, आणि वर तो सासूला दाखवायची नाही. परीक्षेची भीती तिला नव्हती. पण बदलत्या शिफ्टमुळे झोप उडाली होती. आणि झोप नसली की तिला एकाच्या जागी दोन ओरखडे दिसायचे.

आठवडाभराने तिने खोकं वाचलं. निद्रा. मनःशांती. तिने बूच उघडलं आणि बोट लावणार, इतक्यात ज्ञानेश म्हणाला, “थांब थांब! असं थेट कुणी लावतं का? काँसन्ट्रेट असतं ते.”

मला त्याच्याबद्दल आदर वाटला. मित्रांनो, तो आदर साधारण दीड मिनिट टिकला.

ज्ञानेश एका कारखान्यात सीएनसी मशीन चालवतो. तिथे लोखंड कापताना हत्यार तापू नये म्हणून त्यावर कूलंट सोडतात. कूलंटचं तेल कॅनमधून येतं. ते पाण्यात ओतलं की दुधासारखं पांढरं होतं आणि तसंच राहतं. प्रमाण एकास वीस. गेली अकरा वर्षं तो हे मिश्रण करतोय. जगातल्या कुठल्याही तेलाचं पुढे काय करायचं, याबद्दल त्याच्या मनात शंका उरलेली नाही.

“एक भाग तेल, वीस भाग पाणी,” तो म्हणाला. “आमच्याकडं कमी-जास्त झालं तर सुपरवायझर बोंबलतो.”

“अहो, पण हे अंगाला लावायचंय. मशीनला नाही.”

“मशीनला चालतंय ते अंगाला का नाही चालणार? मशीन पन्नास लाखाची आहे.”

विजयश्रीने मला त्याच्या हातात दिलं. गुलाबपाण्याची एक रिकामी, फवारा मारायची बाटली होती. ज्ञानेशने त्यात पाणी भरलं, माझ्यातलं तेल थेंब मोजून ओतलं आणि गदागदा हलवलं. पाणी पांढरं झालं.

“बघ. दूध,” तो म्हणाला.

कूलंटच्या तेलात पाण्याशी जुळवून घेणारं काहीतरी आधीच मिसळलेलं असतं. माझ्यात तसलं काही नाही. दहा मिनिटांत ते दूध फाटलं, तेल वर आलं, पाणी खाली राहिलं. तोपर्यंत ज्ञानेश सेकंड शिफ्टला निघून गेला होता. आणि फवाऱ्याची नळी, मित्रांनो, तळापर्यंत जाते.

पुढचे तेरा दिवस विजयश्रीने मानेवर आणि मनगटांवर चिखलीच्या नळाचं पाणी फवारलं. झाकणाशी लागलेला थोडा वास त्याला होता. तिला छान झोप लागायला लागली. सावित्रीबाईंनी तर पडद्यांवर, उशांवर आणि देवघरावरही फवारा मारला.

“लै गुणाचं हाय बघ गं हे,” त्या म्हणायच्या. “घरात देऊळ असल्यागत वाटू लालंय.”

“प्रमाण बरोबर असलं की असं होतं, आई,” ज्ञानेश म्हणायचा.

माझी एवढी स्तुती पुन्हा कधी झाली नाही. आणि ती झाली तेव्हा मी फळीवर बूच लावून बसले होते.

चौदाव्या दिवशी पाणी संपलं. नळीच्या टोकाशी तेल आलं. विजयश्रीने नेहमीसारखे मानेवर चार फवारे मारले. वास जरा जास्तच चांगला आला, म्हणून आणखी दोन मारले.

तासाभरात मान लाल झाली. तिने पाण्याने धुतली. तेल पाण्याने जाईना, तेव्हा भांड्याच्या साबणाने घासली. मग मान चांगलीच पेटली. दुपारपर्यंत तिथे बारीक पुरळ आलं.

“अगं माय माय! काय केलंस गं गळ्याला?” सावित्रीबाई हळदीचा डबा घेऊन धावल्या.

“आई, नको. राहू द्या.” विजयश्री आरशासमोरून हलली नाही. “मेडिकलला विचारतात, कातडीची काही तक्रार आहे का. रंगविभागात केमिकलचं काम. पुरळ दिसलं की ते फाइल बाजूलाच ठेवतात. चौदा दिवस राहिलेत.”

ज्ञानेश स्प्रेची बाटली उजेडात धरून बघत होता. तळाशी पिवळसर तेल होतं, पाणी नव्हतं. त्याने ती एकदा हलवून पाहिली. मग हळूच म्हणाला, “मी तर एकास वीसच केलं होतं.”

संध्याकाळी तिघंही डॉक्टर मिनल यांच्या दवाखान्यात गेली. विजयश्रीने मलाही पर्समध्ये टाकलं होतं, पुरावा म्हणून. डॉक्टरांनी मान बघितली, ज्ञानेशची कूलंटची कहाणी पूर्ण ऐकून घेतली आणि मला उलटं करून स्टिकरचा कोपरा नखाने खरवडला.

“हे वाचलं होतं का?”

तिघांनीही वाकून पाहिलं. मी जन्मल्यापासून पहिल्यांदाच मला कुणी मागून वाचत होतं.

“पण डॉक्टर, तेरा दिवस काहीच झालं नाही,” ज्ञानेश म्हणाला.

“कारण तेरा दिवस यांनी पाणी लावलं. हे तेल पाण्यात मिसळत नाही हो. चमचाभर खोबरेलात एक थेंब, एवढं पुरतं. तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर थांबायचं. खाज, लाली काही नाही आली तरच पुढे. आणि चुकून असं थेट लागलं, तर आधी साध्या तेलाने पुसून घ्यायचं, मग सौम्य साबणाने धुवायचं. भांड्याचा साबण भांड्याला.”

“आणि झोप? मला खरंच झोप लागत होती.”

“मग ती झोप तुमची स्वतःची होती,” डॉक्टर म्हणाल्या. “वासाने बरं वाटत असेल तर रुमालावर एक थेंब घ्या, लांबून हुंगा. कुणाकुणाला त्याने शांत वाटतं. औषध मात्र समजू नका. महिनाभर झोपेचं असंच चाललं, तर माझ्याकडे या. तेलाकडे नको.”

मित्रांनो, मला राग आला नाही. माझ्याबद्दल इतकं नेमकं पहिल्यांदाच कुणी बोलत होतं.

डॉक्टरांनी मलम दिलं. मान बरी होईपर्यंत माझं बूच उघडायचं नाही, असं ठरलं. ज्ञानेशने माझ्या पाठीवरचा स्टिकर कोमट पाण्याने अख्खा सोडवला. मागची सूचना मोठ्या अक्षरांत वहीच्या पानावर लिहिली आणि ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. कारखान्यात सूचना अशाच लावतात. सावित्रीबाईंना वाचता येत नाही, म्हणून त्याने त्यांना पाठ करून घ्यायला लावली. त्या शेजारणींना ऐकवू लागल्या, “पोटात घ्यायचं न्हाई, डोळ्यात घालायचं न्हाई, पोटुशीनं डाक्टरला इचारल्याबिगर लावायचं न्हाई.” शेवटचं कलम लेबलावर नव्हतं. ते त्यांनी स्वतः डॉक्टरांना विचारून आणलं होतं.

दहा दिवसांत पुरळ गेलं. एक फिकट डाग राहिला. बारा तारखेला सकाळी विजयश्रीने ओढणी गळ्याभोवती गुंडाळली, आरशात पाहिलं आणि पुन्हा सोडली.

“झाकून जा की गं,” सावित्रीबाई म्हणाल्या. “कोन बघायलंय?”

“आई, मी दुसऱ्यांचे डाग शोधायच्या कामाला चाललेय. स्वतःचा लपवून कशी जाऊ?”

कंपनीच्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तिने सगळं सांगितलं. तेल, पाणी, नळी, एकास वीस. डॉक्टर मिनल यांची चिठ्ठीही दाखवली. ते इतके हसले की, त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मग त्यांनी ‘फिट’ असं लिहिलं. नजरेच्या परीक्षेत तिने दारावरचे सगळे दोष शोधले, आणि परीक्षकांना माहीत नसलेला आणखी एक.

विजयश्री कायम झाली. घरी पेढे आले. माझ्यापुढेही एक ठेवला गेला. आता डाग पूर्ण गेलाय, कोपरावरची चाचणीही व्यवस्थित झालीय. खोबरेलातला तो एक थेंब तिला मानवतो.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढं ऐका. आमची पाठ वाचत जा. बूच घट्ट लावा, उन्हात ठेवू नका, तारीख उलटली की मोह सोडा. आमचं तेल थोडं असतं तोवरच चांगलं असतं. एका थेंबाचं काम एका थेंबालाच करू द्या.

पहिल्या दिवशी विजयश्रीला नव्या विभागाचे नियम देण्यात आले. अंगावरच्या तेलाचा कण ओल्या रंगावर पडला की तिथे खड्डा पडतो. त्यामुळे रंगविभागात तेल, क्रीम किंवा अत्तर लावून यायला मनाई आहे.