डावा खांदा

मी युद्धातले सैनिक बनवतो. वीतभर उंचीचे. कुठल्या लढाईत कुठल्या पलटणीकडे कोणती रायफल होती, हे मला झोपेतून उठवून विचारा. एक बटण चुकलं तरी संग्राहक घर डोक्यावर घेतात, म्हणून मी चुकत नाही. असा माझा तोरा होता.

आईची नजर महिन्याभरात जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "जगाचे सैनिक करतोस, एकदा आपला धाकटा कर. डोळे आहेत तोवर बघते." माझा धाकटा भाऊ बावीस वर्षांपूर्वी युद्धावर गेला, तो परत आलाच नाही. तिथला त्याचा एकच फोटो आमच्याकडे आहे, रायफल खांद्याला लावून नेम धरलेला.

फोटोत रायफल डाव्या खांद्याला होती. जुने फोटो कधीकधी आरशातल्यासारखे उलटे छापले जायचे, आमच्या धंद्यात हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मी रायफल उजव्या खांद्याला घेतली. तीन आठवडे तहानभूक विसरून खपलो. रायफलीचा दस्ता खऱ्या लाकडाचा केला, पट्टा खऱ्या चामड्याचा.

आईने तो खिडकीशी नेऊन अगदी डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ बघितला.

"छान झालाय. कोण आहे हा?"

"कोण म्हणजे? धाकटा."

"तो डावरा होता रे."

मी वाद घातला, माझी जीभच तसली. तो उजव्या हाताने लिहायचा, हे मी रोज शेजारी बसून पाहिलं होतं.

"मास्तरांनी मारून मारून तेवढं लिहायला लावलं," आई म्हणाली. "बाकी सगळं डाव्यानेच. तुझं कपाळ फोडलं ते कुठल्या हाताने?"

कपाळावर खूण अजून आहे. रायफलीचा स्क्रू न स्क्रू मला पाठ, आणि सख्ख्या भावाचा हात मी विसरलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन्ही हात खांद्यापासून कापले, मान वळवली, मिटलेला डोळा बदलला. त्यात दहा दिवस गेले. आठव्या दिवशी आईने चहाचा कप टेबलाच्या बाहेर ठेवला. तो फुटला, मी काचा गोळा केल्या.

सैनिक तयार झाला तेव्हा तो मी तिच्या हातात दिला. रायफल चाचपत तिची बोटं डाव्या खांद्यापर्यंत गेली. तिने मान डोलावली. मग अंगठा चेहऱ्यावर थांबला. एवढंसं तोंड, बोटाला काय कळणार.

"हसतोय का रे?"

नेम धरणारा सैनिक हसत नाही. मी त्याचे ओठ घट्ट मिटलेले रंगवले होते.

"हो. अगदी तसाच हसतोय."

"तसाच म्हणजे कसा? सांग ना," ती म्हणाली.

मला आठवेना.