सोनेरी काठावरचं नाव

"नाव टाकून देत असाल तर घेते. न्हाईतर ऱ्हाऊ द्या," कस्तुराबाई म्हणाल्या आणि शोरूममधल्या पांढऱ्या सोफ्यावर मांडी घालून बसल्या.

तो सोफा बसण्यासाठी नव्हता. पोर्सिलेनच्या दोन हंसांच्या मागे काहीतरी पांढरं हवं म्हणून तो ठेवलेला होता. दुकान उघडून आठ महिने झाले, तरी त्यावर अजून कोणी टेकलं नव्हतं.

"ताई, हे पोर्सिलेन आहे," मालक अमरेश म्हणाला. पुण्याला एमबीए करून आल्यापासून लातुरात प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागतं, असा त्याचा अनुभव होता. "ह्याच्यावर नाव टाकत नाहीत. प्लेटच्या मागे कंपनीचं नाव असतं. हे बघा, किती नाजूक."

"आहेर कंपनी करून राहिली, का मी?"

ह्याचं उत्तर एमबीएला शिकवत नसावेत. 

"भावाची पोरगी हाय माझ्या. शिल्पा. नांदेडला लगीन ठरलंय," कस्तुराबाईंनी समजावून सांगितलं. "थोरलीच्या लग्नात मी ही एवढी पितळी समई दिली, बिगर नावाची. आज तिची सासू गावभर सांगती की समई तिच्या सोताच्या माहेरची हाय. सख्खी आत्या मी, अन् खामखा फुकट जेवून गेल्यावानी झालं. आता नाव पाहिजे म्हंजे पाहिजे."

मल्लिकार्जुन मागे हातमोजे घालून, मऊ फडकं घेऊन उभा होता. वय छप्पन्न. ह्याच जागी पूर्वी स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं, तेव्हा दारातल्या छोट्या टेबलाशी बसून त्याने एकतीस वर्षं भांड्यांवर नावं टाकली. हातात ते टर्रर्र करणारं मशीन, समोर ताटांची चळत. लातूरच्या निम्म्या स्वयंपाकघरांत त्याचं अक्षर होतं. मग थोरले मालक, अमरेशचे वडील रुद्रेशअप्पा गेले. अमरेशने स्टील वजनावर विकून टाकलं आणि दुकानाचं 'रुद्र लिव्हिंग' झालं. टेबल गोदामात गेलं. मल्लिकार्जुनकडे नवं काम आलं : गिऱ्हाईकांच्या बोटांचे ठसे पुसायचे. गिऱ्हाईक फारसं येत नसल्यामुळे तो बहुधा स्वतःचेच पुसत असे.

पाडव्याला अमरेशने त्याला जवळ बोलावलं होतं. "मल्लूकाका, तुम्ही अप्पांचे माणूस. मी तुम्हाला काढणार नाही. पण निदान एक डिनर सेट तुमच्या हातून जायला पाहिजे ना? लग्नसराई संपेपर्यंत बघू."

लग्नसराई संपत आली होती. लातुरातल्या इतर भांड्यांच्या दुकानांत आता कॉम्प्युटर नावं टाकत होता. घरी मुलगी अक्षरा फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. मुलीचा बाप काय करतो, हा पाहुण्यांचा पहिला प्रश्न असतो.

"टाकतो की," मल्लिकार्जुन म्हणाला.

अमरेशने त्याला पोर्सिलेनच्या घोड्यामागे ओढलं. "काका, काय बोलून राहिलात? तडकंल ते." घाबरला की त्याचं पुणं गळून पडत असे.

"तडकू देत न्हाई."

"मग मागं टाका, बुडाला. दिसू देऊ नका."

"दिसायचं न्हाई तर टाकायचं कशाला, भैय्या?"

"पालथं घालून कोण वाचतंय?" सोफ्यावरून कस्तुराबाई ओरडल्या. "वर टाका, त्या सोनेरी काठावर! पैठणीवानी काठ हाय, उठून दिसंल."

अमरेशने हंसांकडे पाहिलं, घोड्याकडे पाहिलं, आठ महिन्यांत खपलेल्या दोन फुलदाण्या आठवल्या आणि मान हलवली.

मल्लिकार्जुनने गोदामातून मशीन काढलं. पहिल्या दिवशी काहीच जमलं नाही. स्टीलची पिन त्या गुळगुळीत अंगावरून निसटायची. मग तो फरशीवाल्याकडे गेला, हिऱ्याची कणी लावलेली पिन आणली आणि कान तुटलेल्या तीन कपांवर हात बसवला. स्टील थरथरतं, हाताला सांगतं की आता जोर कमी कर. पोर्सिलेन काही सांगत नाही. ते निमूट ऐकून घेतं आणि एकदम दुभंगतं. त्याने श्वास धरून लिहायला सुरुवात केली. ताटांवर पूर्ण मजकूर : 'चि. आदिनाथ व चि. सौ. कां. शिल्पा यांस आत्या कस्तुराबाईकडून सप्रेम भेट.' कपांवर जागा कमी, म्हणून नुसतं 'आदिनाथ – शिल्पा'. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बासष्ट नग पूर्ण झाले. एकही तडकला नव्हता. त्याच्या मिशीत सोनेरी भुकटी अडकली होती.

कस्तुराबाईंनी प्रत्येक ताट बोट फिरवत मोठ्यांदा वाचलं. बारा ताटांवर एकच मजकूर होता, तरी बाराही वाचली.

"लई गोड अक्षर हाय हो तुमचं. बिलकुल छापल्यावानी!"

सेट गेला. अमरेशने मल्लिकार्जुनचा हात हातात घेऊन हलवला. "काका, तुम्ही आता फिक्स."

मल्लिकार्जुन एकोणीस दिवस फिक्स होता.

विसाव्या दिवशी दुपारी दारात जीप थांबली. अहमदपूरहून कस्तुराबाई आल्या होत्या आणि खोकी त्यांच्या आधी आत आली.

"मोडलं," त्या म्हणाल्या आणि सोफ्यावर आपल्या जागी बसल्या. "पोराला पुण्यात दुसरी हाय मनं. साखरपुडा झाल्यावर आठवलं त्याला. वापस घ्या हे. घरात ठेवता येईना. पोरगी येती-जाती, काठावर त्याचं नाव वाचती."

विकलेला माल परत घेतला जाणार नाही, अशी पाटी काउंटरवर होती. ती इंग्रजीत होती आणि अशा वळणदार अक्षरात होती की इंग्रजी येणाऱ्यालाही वाचता येऊ नये. अमरेशने तिच्याकडे बोट दाखवलं.

"आसू द्या की," कस्तुराबाई म्हणाल्या. "मला काय घाई न्हाई."

त्या दिवशी नेमकी चार गिऱ्हाइकं आली. इतकी एका दिवसात कधीच आली नव्हती. कस्तुराबाईंनी प्रत्येकाला जवळ बसवून घेतलं आणि साखरपुड्यापासून सगळं सांगितलं. चौघांनीही हळहळ व्यक्त केली, जाताना हंसाच्या मानेवरून हात फिरवला, आणि काही न घेता गेले. मल्लिकार्जुनने चौघांचे ठसे पुसले. साडेचारला अमरेशने सेट परत घेतला.

जीप गेल्यावर त्याने विचारलं, "काका, नावं खोडता येतील?"

मल्लिकार्जुनने एक ताट घेऊन घासून पाहिलं. आधी सोनं गेलं. मग अक्षरं पुसट झाली, पण गेली नाहीत. सोनं निघालेल्या पांढऱ्या जागेत ती कोरलेली तशीच वाचता येत होती.

"पोर्सिलेनवरचं जात न्हाई, भैय्या."

अमरेश चिडला नाही. न चिडण्याचा त्याने कोर्स केला होता. "तुमची चूक नाही, काका. मीच हो म्हणालो. पण सेट काही गेला नाही ना शेवटी?"

"न्हाई गेला."

"मग... तुम्हीच घेऊन जा हा. आठवण म्हणून. अप्पा असते तर त्यांनीही असंच काहीतरी दिलं असतं."

निरोपाला शाल-नारळ द्यायची पद्धत आहे. मल्लिकार्जुनला बासष्ट नग मिळाले. त्याने हातमोजे काढून घडी घातली, फडक्याची घडी घातली आणि काउंटरवर ठेवली. अमरेशने रिक्षापर्यंत खोकी पोचवली. प्रत्येक गतिरोधकाला मल्लिकार्जुन खोक्यांवर दोन्ही हात दाबून धरत होता.

घरी बायकोने, शिवगंगाने, खोकी उघडली. दुसऱ्याच्या नावाचं भांडं घरात येणं तिला नवीन नव्हतं. एकतीस वर्षांत नाव टाकताना ज्या ज्या भांड्यावर चूक झाली, ते रुद्रेशअप्पा मल्लिकार्जुनला देऊन टाकत. मल्लिकार्जुनच्या घरात पाणी होतं कैलासवासी सटवाजींच्या स्मृतीच्या कळशीत, तिथी चुकलेल्या. साखरेचा डबा होता वर्षाराणीच्या बारशाचा. त्या बाळाचं नाव घरच्यांनी ऐन वेळी बदललं होतं. स्वतःच्या नावाचं एकही भांडं घरात नव्हतं. ते नाव टाकताना कधी चुकलंच नव्हतं.

"हे आता कुणाचं?" तिने विचारलं.

"शिल्पाचं."

"झालं का लगीन?"

"न्हाई."

तिने ताट खाली ठेवलं. "अन् तुमचं काम?"

"ते बी न्हाई."

शिवगंगा उठली. गॅस पेटवला, चहाचं आधण ठेवलं. खोक्यातले दोन कप काढून धुतले आणि त्याच्यासमोर धरले.

"ह्यातच घ्यायचा?"

"ठेवून तरी काय करायचं?"

दोघं खाली बसून चहा प्याले. कप इतके पातळ होते की चहाची उंची बाहेरून दिसत होती. चहा संपल्यावर तिने काठावरून बोट फिरवलं.

"लई छान काढलं होतं," ती म्हणाली.

मग तिने घड्याळाकडे पाहिलं. अक्षराची कॉलेजातून यायची वेळ झाली होती. तिने घाईने दोन्ही कप विसळले, पदराने पुसले, खोक्यांतला एकेक नग काढला, आणि सगळी भांडी वरच्या फळीवर लावली, नावं भिंतीकडे करून.