सम्राटाचा पोपट

गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. कापसाच्या गठ्ठ्यांवर माणसं चढून बसली होती, कारण गादीवाल्याच्या अंगात सम्राट आला होता. हा गृहस्थ कालपरवापर्यंत गाद्या भरायचा, आता गादीवर बसायचा. शतकांपूर्वी मेलेल्या सम्राटाला यायला दुसरं अंग मिळू नये, याचं मला वाईट वाटलं. मी चष्मे विकतो, त्यामुळे लोकांना समोरचं दिसत नाही याचं मात्र मला नवल वाटत नाही.

सम्राट घोगऱ्या आवाजात आठवणी सांगायचा. लढाया, बागा, आणि लाडक्या लेकीला यायच्या त्या फिट. आपण तिच्या कपाळाला माती लावली, पोर उठून हसली, तीच माती आता सगळ्यांना मिळेल, म्हणायचा. कोणी शंका काढली की भक्त वाचनालयातलं पुस्तक नाकासमोर धरत. सम्राटाच्या स्वतःच्या आठवणी, त्यात हे सगळं छापलेलं. एवढा मोठा राजा खोटं कशाला लिहील, असा वर सवाल.

मी हसण्यावारी नेलं असतं. पण माझ्या पुतणीला फिट येतात, आणि वहिनीने तिच्या गोळ्या बंद केल्या होत्या. माती लावल्यावर पोर दोनदा उठून बसली होती ना! फिट बहुतेक वेळा दोन-चार मिनिटांत आपली आपणच ओसरते, पण गोळ्या सोडल्या तर एखादी जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं. वहिनी म्हणाली, डॉक्टरांच्या पुस्तकापेक्षा सम्राटाचं पुस्तक जुनं आहे. कपाळ माझं!

शेवटी मी मावशीला घेऊन गेलो. मावशी जन्मभर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली. पुढे होऊन तिने अदबीने विचारलं, "महाराज, राजकन्येच्या पोपटाचं काय झालं?"

सम्राट लगेच सांगू लागला. "लेकीच्या हातून डाळिंब खायचा गं. मांजराने नेला, त्या दिवशी मी दरबार भरवला नाही." दोघी-तिघींनी डोळे पुसले.

"पोपट नव्हताच," मावशी म्हणाली. "मूळ आठवणी लांबलचक आहेत. शाळेतल्या मुलांसाठी मी त्या थोडक्यात लिहिल्या, तेच हे पुस्तक. मुलं जांभया देतात म्हणून पोपट मी घातला. मांजरही माझंच. प्रस्तावनेत तसं सांगितलंय, पण प्रस्तावना वाचतो कोण?"

गादीवाला क्षणभर गडबडला, मग म्हणाला की पोपट होता, लिहायचा राहून गेला होता, बाईंना सुचवला तोही आपणच. आणि काय सांगू, चार-पाच माना डोलल्यासुद्धा!

तेवढ्यात भक्तांमध्ये बसलेली वहिनी उठून उभी राहिली. "मावशी, ती मुलगी? तीही तुम्हीच घातलीत?"

"नाही गं. मुलगी खरी. मातीचंही खऱ्या सम्राटानेच लिहिलंय, राजे आपली फुशारकी आधी लिहितात. पण चार प्रकरणांनंतर त्यानेच लिहिलंय, अशाच एका फिटमध्ये ती गेली. कपाळावर माती तशीच होती. मुलांना रडू येईल म्हणून ते पान मी गाळलं."

गादीवाला आणखी काहीबाही बोलत राहिला. वहिनीने ते ऐकलं नाही. ती घरी आली, पोरीचं कपाळ ओल्या फडक्याने पुसलं आणि डॉक्टरांना फोन लावला. गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू झाल्या.

गोदामात अजून गर्दी असते. राजाने लिहिलेलं असो की कोणाच्या अंगात येऊन कोणी सांगितलेलं, मान डोलवण्याआधी एवढंच विचारा: मग पुढे काय झालं?