शुक्रवारच्या चाल्ल्यानंतर

मास्तर चुकतोय हे कळत असूनही आपण किती वेळा तोंड मिटून बसतो? एल आल्टो या डोंगरावरच्या शहरातल्या इंजिन दुरुस्ती प्रशिक्षण केंद्रात कासिमिरा तिकोनाही तशीच बसली. चौतीस वर्षांची ही बाई बटाट्यांचा धंदा सोडून इथे शिकायला आली होती. वर्गात बाई अशी ती एकटीच.

सकाळी एका बसच्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिन फिरवणारा मुख्य दांडा, टांगून तिनं त्यावर हातोडी हलकेच मारली. धड शाफ्ट घंटेसारखा घुमतो. हा नुसता ठप्प वाजला.

“मास्तर, आवाज बसलाय. चुंबकावर धरून तपासू या का? भेग असली तर दिसेल.”

“आधी कान धुऊन ये!” एउलोहियो मास्तर म्हणाले आणि सगळा वर्ग खिदळला. “चाळीस वर्षं या हातांना शाफ्ट कळतो. चारला चाल्ल्याची पूजा आहे, इंजिन जोडा!”

कासिमिरानं मान खाली घालून बोल्ट आवळले.

चार वाजता मास्तरांनी पाचामामाच्या, म्हणजे धरणीमातेच्या नावानं इंजिनावर दारू शिंपडली, कोकाची पानं वाहिली. चाल्ला झालेलं इंजिन उघडणं म्हणजे घोर अपशकुन, असं तिथे सगळेच मानत. बसवाला सेवेरो चोके खुशीत होता.

“परवा युंगासच्या घाटात पहिली फेरी. तीस माणसं आहेत, माझी लेकसुद्धा!”

कासिमिरा पुढे सरसावली. त्या घाटात धुकं उतरलं की पुढचं चाकही दिसत नाही, आणि खाली दरी. मेली ही भीड!

“सेवेरोभाऊ, इंजिन नेऊ नका! शाफ्टचा आवाज बरा नव्हता. मला ऐकू आलं, तरी मी गप्प बसले.”

मास्तरांचा चेहरा काळवंडला. “चाल्ला झालेलं इंजिन उघडायला लावतेस? उद्यापासून येऊ नकोस!”

सेवेरोनं हातातला दारूचा पेला खाली ठेवला. “मास्तर, धरणीमाता खूश झाली असेल. पण पोलादातली भेग तिनं बुजवली, असं छातीवर हात ठेवून सांगा. मी इंजिन नेतो. फक्त परवा माझ्या लेकीशेजारी तुम्ही बसायचं.”

मास्तरांनीच पाना उचलला.

शाफ्ट बाहेर काढून चुंबकाच्या यंत्रावर चढवला. त्यावर लोखंडाचा बारीक चुरा मिसळलेलं तेल ओतलं. एका जागी चुरा आपसूक गोळा होऊ लागला आणि बघता बघता भेगेची काळी रेघ शाफ्टभोवती अर्ध्यापर्यंत फिरली!

“कासिमिरा,” मास्तर म्हणाले, “सोमवारी वेळेवर ये. ही तपासणी वर्गाला तू शिकवायचीस. मी मागच्या बाकावर बसेन.”

मंडळी, गुरूचा मान राखणं म्हणजे त्याची चूक झाकणं नव्हे! ज्या हातांवर परक्यांचे जीव टांगलेले असतात, त्या हातांनी तपासायला लाजू नये, आणि शिकणाऱ्यानं बोलायला. कासिमिरा वेळेत बोलली, म्हणून नवा शाफ्ट घालूनच बस घाटात गेली, आणि त्या रविवारी संध्याकाळी तीस घरांत दार वाजलं, तेव्हा दारात आपलंच माणूस उभं होतं.