गोष्टीतल्या बाईची रजा

ब्रशच्या त्या कारखान्यात दोनच नियम होते. पहिला, पॉलिशच्या खोलीत काडी ओढायची नाही. दुसरा, कुणाला काही सांगायचं असेल तर सरळ सांगायचं नाही, गोष्ट सांगायची. पहिला नियम अधूनमधून मोडला जाई. दुसरा मोडायची कुणाची छाती नव्हती.

हा दुसरा नियम मालकांचा. सरळ सांगितलेलं एका कानातून शिरतं आणि दुसऱ्यातून निघून जातं, गोष्ट मात्र आत जाऊन ठिय्या देऊन बसते, असं त्यांचं ठाम मत होतं. मत त्यांचं, कारखानाही त्यांचाच, तेव्हा वाद कोण घालणार? नळाच्या वर भिंतीला त्यांनी एक फळा लावला होता. वर पक्क्या रंगात ‘आजचं तात्पर्य’ आणि खाली खडूने त्या त्या दिवशीचं. ड्रिलवाल्याने बोथट चोचीच्या सुतारपक्ष्याची गोष्ट सांगून नवीन ड्रिल मिळवलं होतं. पॅकिंगवालीने एका पायावर उभं राहून कंटाळलेल्या बगळ्याची सांगितली, तिला स्टूल मिळालं. मागच्या वर्षी पॉलिशच्या चिंध्यांनी पेट घेतला तेव्हा पॉलिशवाला धावत बाहेर आला, धापा टाकत खाली बसला आणि म्हणाला, “एक चिंधी होती. तिला फार राग यायचा.” कपाट अर्धं जळालं. पण गोष्ट सगळ्यांना आवडली, आणि फळ्यावर तीन दिवस ‘राग आवरा’ असं लिहिलेलं होतं.

या सगळ्यांत कात्रीबाई तेवढी निराळी. ब्रशच्या लाकडात केसांचे झुबके बसवून झाले की ते वाटेल तसे वर आलेले असतात. ते लांब कात्रीने एका पातळीत कापायचे, हे तिचं काम. वीस वर्षं ती तेच करत होती आणि बोलायचीही तशीच, जेवढ्यास तेवढं. गोष्ट सांगायची म्हटलं की तिची जीभ टाळूला चिकटायची. म्हणून वीस वर्षांत तिने काही मागितलं नव्हतं. तिचं स्टूल तिने घरून आणलं होतं.

म्हणजे एकदा मागितलं होतं. सहा वर्षांपूर्वी. आई आजारी होती, दोन दिवस जाऊन येते, असं ती सरळ म्हणाली होती. त्यावर मालकांनी तिला एका गोगलगायीची गोष्ट सांगितली. गोगलगाय फार सावकाश होती आणि गोष्टही. ती दुसऱ्या दिवशी दुपारी संपली, आणि तिचा अर्थ ‘नाही’ असा होता की ‘जा’ असा, हे कात्रीबाईला शेवटपर्यंत कळलं नाही. ती तशीच निघाली. पोचली तेव्हा आई नव्हती.

त्याच आठवड्यात सगळे नातेवाईक जमलेले असताना थोरल्या बहिणीने, ताईने, भरल्या पंगतीत तोंड उघडलं. “एक कावळी होती,” ताई म्हणाली. “तिला घरट्यातून निघायला वेळच मिळायचा नाही.” पुढचं कुणी ऐकलं नाही, कारण सगळे कात्रीबाईकडे बघत होते. तिने ताट बाजूला सारलं, चपला घातल्या आणि निघाली. मी रजा मागितली होती, एवढं एक वाक्य तिला तेव्हा बोलता आलं असतं. ते तिच्या घशात अडकलं ते सहा वर्षं तिथेच राहिलं. दोघी बहिणींनी त्यानंतर एकमेकींचा आवाज ऐकला नव्हता.

आणि आता सोमवारी संध्याकाळी भाऊजींचा, ताईच्या नवऱ्याचा, फोन आला. ताईच्या पोटाचं ऑपरेशन आहे, गुरुवारी सकाळी आठला. डॉक्टर काही खात्रीचं बोलत नाहीत. “तिने बोलाव असं सांगितलेलं नाही,” भाऊजी म्हणाले, “पण सारखी दाराकडे बघते.” तिथे जायला बसने अठरा तास लागत. बुधवारी निघायलाच हवं होतं. या वेळी उशीर झाला असता तर तिने स्वतःला जन्मात माफ केलं नसतं.

मंगळवारी चहाच्या सुट्टीत ती मालकांसमोर उभी राहिली.

“मालक, मला रजा हवी आहे.”

मालकांनी चहाचा कप खाली ठेवला. “गोष्ट?”

“गोष्ट नाही. माझ्या ताईचं ऑपरेशन आहे. गुरुवारी.”

सगळे पुढे सरकून बसले. कात्रीबाई बोलते आहे म्हणजे काहीतरी ऐकण्यासारखं असणार.

“मग?” ड्रिलवाल्याने विचारलं.

“मग काही नाही. एवढंच.”

“छोटी आहे,” पॉलिशवाला म्हणाला, “पण जमली आहे.”

“ताई म्हणजे आपलं मन,” पॅकिंगवालीने डोळे मिटून सांगितलं. “त्यातलं वाईट कापून टाकायचं, असं म्हणायचंय त्यांना.”

“पण गुरुवारीच का?” ड्रिलवाल्याने विचारलं.

“गुरुवार आठवड्याच्या मधोमध येतो, म्हणजे मागचा-पुढचा विचार करून कापायचं. घाई नको.”

“वा!” मालक म्हणाले. ते उठले, फळ्यावर ‘वाईट कापा, घाई नको’ असं लिहिलं, हात झटकले, आणि कात्रीबाईची पाठ थोपटून आत निघून गेले. वीस वर्षांत तिचं तात्पर्य पहिल्यांदाच फळ्यावर आलं होतं. तिला फळा उपटून त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला.

दुपारी तिने हात टेकले. मालक ब्रश तपासायला आले तेव्हा तिने कात्री खाली ठेवली आणि दात-ओठ खात म्हणाली, “एक बाई होती.”

ड्रिल बंद पडलं. पॉलिशवाला कुंचला हातात घेऊनच बाहेर आला.

“ती ब्रशचे केस कापायची. तिची आई आजारी पडली. तिने रजा मागितली, मिळाली नाही. ती उशिरा पोचली. तिची बहीण तिला चारचौघांत बोलली. मग सहा वर्षं दोघी बोलल्या नाहीत. आता बहिणीचं ऑपरेशन आहे. बाईला जायचंय. झालं.”

तिला वाटलं, आता तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडेल. तिने जनावर घातलं नव्हतं, पक्षी घातला नव्हता, कात्रीसुद्धा तशीच ठेवली होती. पण पॅकिंगवालीने पदर डोळ्यांना लावला होता आणि ड्रिलवाला भिंतीकडे तोंड करून नाक ओढत होता.

“आणि तिचा मालक?” मालकांनी विचारलं. त्यांचा आवाज चढला होता. “त्याला काही कळत नाही?”

“नाही कळत,” कात्रीबाई त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाली.

“आईच्या वेळी पण नाही सोडलं त्याने?”

“तो तिला गोष्ट सांगत बसला होता.”

“नालायक!” मालकांनी टेबलावर मूठ आपटली, दोन ब्रश खाली पडले. “बाईची आई तिकडे, आणि हा गोष्टी सांगतो? असल्या माणसाला दारात उभं करू नये. आता तरी दिली का रजा त्याने?”

“अजून नाही.”

“मग मी देतो.”

कात्रीबाईच्या जिवात जीव आला. मालक तरातरा आपल्या खोलीत गेले, कारखान्याच्या नावाचा कागद काढला, लिहिला, शिक्का मारला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. “गोष्टीतल्या बाईंना चार दिवसांची रजा देण्यात येत आहे. त्यांना कुणीही अडवू नये.” टाळ्या पडल्या. पॅकिंगवालीने त्या बाईसाठी ताबडतोब एक उत्तम केसांचा ब्रश कागदात गुंडाळला. पॉलिशवाल्याने त्याला दोरी बांधली. मालकांनी रजेचा कागद फळ्याच्या कोपऱ्यात खोचला.

“आणि मला?” कात्रीबाईने विचारलं.

“तुम्हाला काय?”

“रजा.”

मालकांना खरोखर कळलं नाही. “तुम्हाला कशाला? परवा कपड्यांचे तीनशे ब्रश जायचेत, ते कोण कापणार? शिवाय पुढे काय झालं ते उद्या तुम्हीच सांगणार ना?”

त्या रात्री कात्रीबाईने बॅग भरली. बुधवारी सकाळी ती नेहमीच्या वेळेला कामावर आली, फळ्याजवळ गेली, कोपऱ्यातला कागद काढून घेतला, गुंडाळलेला ब्रश काखेत मारला आणि फाटकाकडे निघाली. आपण चोरी करतो आहोत असं तिला एकदा वाटलं, पण कुणाची, ते काही ठरवता येईना.

फाटकात वॉचमन काकांनी हात आडवा केला. “कामाच्या वेळेला कुठे?”

तिने कागद पुढे केला. काकांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

“ही तर त्या बाईची आहे.”

“तिच्यासाठीच निघाले आहे.”

“अहो मग बोलत काय बसलात?” काका एकदम ओरडले. “तिची बस चुकेल!” आणि एरवी ट्रक आल्याशिवाय ज्याला हात लावायचा नाही तो मोठा दरवाजा त्यांनी दोन्ही बाजूंनी सताड उघडला. एवढंच नाही, रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्यांनी एक मोटार आणि दोन सायकली थांबवल्या, आणि कात्रीबाई पलीकडे जाईपर्यंत शिट्टी वाजवत राहिले. मालक खिडकीत उभे होते. त्यांनी तिला पाहिलं. हाक मारली नाही.

हा माणूस ठार वेडा आहे की फार पोचलेला आहे, यावर ती बसमध्ये तासभर विचार करत होती. मग तिने तो नाद सोडला आणि ताईला काय बोलायचं याची उजळणी सुरू केली. मी रजा मागितली होती. आधी हे सांगायचं. मग बाकीचं.

गुरुवारी सकाळी सातला ती इस्पितळाच्या खोलीच्या दारात उभी होती. ताई पलंगावर हिरव्या अंगरख्यात, चष्म्याशिवाय, केवढीशी झालेली. तिने डोळे बारीक करून दाराकडे पाहिलं. कात्रीबाईने तोंड उघडलं, आणि सहा वर्षांचं वाक्य नेमकं तेव्हाच पुन्हा घशात जाऊन बसलं.

“बसमधून आलीस ती तशीच?” ताई म्हणाली. “आधी हात धुऊन ये.”

ती हात धुवायला गेली. साबण लावून, कोपरापर्यंत, लहानपणी ताई उभी राहून धुवायला लावायची तसे धुतले. परत आली तर ताईला न्यायला माणसं आलेली. चाकांचा पलंग चालू लागला. चादरीखालून एक हात बाहेर आला, तो कात्रीबाईने धरला आणि ती शेजारून चालत राहिली.

“ओले आहेत,” ताई म्हणाली.

“पुसायला वेळ नव्हता. ताई, तेव्हा मी रजा मागितली होती गं.”

ताईने तिचा हात ऑपरेशनच्या दारापर्यंत सोडला नाही, नर्सने दोनदा सांगूनही.

ऑपरेशन नीट पार पडलं. शुक्रवारी सकाळी ताईने डोळे उघडले, चष्मा मागितला, आणि दुपार व्हायच्या आत नर्सला एक गोष्ट सांगायला घेतली. एक मांजरी होती, ती आजारी माणसाच्या पलंगाभोवती सारखी घुटमळायची, त्यामुळे आजारी माणसाला झोप यायची नाही. कात्रीबाईला तात्पर्य लगेच कळलं. तिला राग यायला हवा होता, पण हसूच आलं. तिने ब्रश उशाशी ठेवला आणि दुपारची बस पकडली.

शनिवारी सकाळी ती कारखान्यात शिरली तेव्हा टेबलावर ब्रशचा ढीग पडला होता. तिच्या जागी पॉलिशवाल्याने कापले होते आणि सगळे एका अंगाला कलले होते. तिला पाहताच ड्रिल बंद पडलं.

“पोचली का ती?” ड्रिलवाल्याने विचारलं.

“पोचली.”

“वेळेवर?” हे मालक होते. खोलीच्या दारात उभे.

“वेळेवर.”

सगळ्यांनी श्वास सोडला. पॅकिंगवाली स्टुलावर बसली. “मग? बहीण बोलली?”

“बोलली.”

“काय म्हणाली?”

“आधी हात धुऊन ये, म्हणाली.”

कारखाना विचारात पडला. “याचं तात्पर्य?” पॉलिशवाल्याने हळूच विचारलं.

“तात्पर्य काही नाही. मी हात धुतले.”

“तुम्ही?” मालक म्हणाले.

“मी,” कात्रीबाई म्हणाली.

मालक फळ्याजवळ गेले, जुनं पुसलं आणि ‘हात धुवा’ असं लिहिलं. फळा नळाच्या वरच असल्यामुळे असेल, पण ड्रिलवाला उठला आणि हात धुवायला लागला. त्याच्यामागे पॅकिंगवाली उभी राहिली, तिच्यामागे पॉलिशवाला, मग फाटक सोडून वॉचमन काका. सगळ्यात शेवटी मालक. नळ एकच होता, त्यामुळे वेळ लागला.

मालकांची पाळी आली. ते पाण्याखाली हात धरून नुसते उभे राहिले.

“मला एक भाऊ आहे,” ते म्हणाले.

‘होता’ नाही, ‘आहे’. ‘एका माणसाला’ नाही, ‘मला’. सगळे जागच्या जागी थांबले.

“पुढे?” ड्रिलवाल्याने सवयीने विचारलं.

“पुढे काही नाही. आठ वर्षं आम्ही बोललो नाही. शेवटी आईजवळ तो होता, मी नव्हतो. इथे कामाचं फार होतं तेव्हा.” पाणी वाहत होतं. “तासाभराच्या अंतरावर राहतो.”

कात्रीबाईला गोगलगाय आठवली. सहा वर्षांचा राग तिच्या डोक्यात एकदम चढला, आणि तो तिने गिळला नाही. “माझ्या आईच्या वेळी तुम्ही मला अडवलंत,” ती म्हणाली. “ते मी विसरणार नाही.”

“हो,” मालक म्हणाले. त्यांनी गोष्ट सांगितली नाही.

“मग आता जा भावाकडे.”

“मला रजा कोण देणार?”

ते थट्टा करत नव्हते. कात्रीबाईने नळ बंद केला. पिशवीतून चार घड्या पडलेला कागद काढला, टेबलावर उलगडला आणि हाताने सपाट केला.

“चार दिवसांची होती,” ती म्हणाली. “मी तीनच वापरले.”

मालकांनी कागद वाचला. “यात बाई लिहिलंय.”

“चालतं. काकांना मी सांगते.”

मालकांनी पॅन्टला हात पुसले, कागद घेतला आणि फाटकाकडे चालू लागले. वॉचमन काका त्यांच्याआधी धावले आणि त्यांनी मोठा दरवाजा उघडला.