बाहुलीचं ऑपरेशन

दवाखान्यात मुलांना काय वाटतं ते मुलांच्याच तोंडून ऐकायला मंजूषा साकेत नगरात घरोघरी हिंडत होती, आणि घरोघरी आयाच तोंडाचा पट्टा चालवत होत्या. प्रतिभाताईंनी तर सगळ्यांवर कडी केली.

"टॉन्सिल्स काढले, पण आमच्या पिंकीनं हूं की चूं केलं नाही हो. पिंकी, मावशीला सांग ना."

पाच वर्षांच्या पिंकीनं पाहुण्यांपुढे नेहमी करायची तेच केलं. हात जोडले, डोळे मिटले आणि शुभंकरोति सुरू केलं. आई कौतुकानं बघत राहिली. मंजूषानं मनातल्या मनात कपाळावर हात मारला आणि श्लोक संपल्यावर पिशवीतून कापडी बाहुली काढली.

"हिचं उद्या ऑपरेशन आहे. घाबरलीय बिचारी. कसं असतं ते तूच सांग हिला."

पिंकीनं बाहुली मांडीवर घेतली आणि डॉक्टरांसारखा आवाज जाड केला. "कुछ नहीं होता बेटा. नंतर आइस्क्रीम मिळतं."

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" प्रतिभाताई म्हणाल्या.

पिंकीनं बाहुलीच्या कानाला तोंड लावलं.

"हे सगळं डॉक्टर आणि आई सांगतात. पण तू आईचा हात सोडू नकोस. ती फक्त ऑपरेशनच्या दारापर्यंतच येते."