गोठ्यामागचा कातळ

पावसाळ्यात आमच्या वाडीवरच्या डोंगराला भेग पडली आणि दिवाळी सरल्यावर रोह्याहून सरकारी मशीन आलं. जमिनीत भोकं पाडून आत काय हाय ते बघायचं. पोटात कच्चं निघालं तर वाडीच उचलून खाली कोलाडच्या रस्त्याला न्यायची.

वाडीतल्या महिपतीला पहिल्या दिवसापासून संशय. "डोंगर पायजे यांना. आपण हाललो की हितं बंगलं उठतील," म्हणत तो रोज मशीनपाशी ठाण मांडून बसायचा. नळीतनं वर आलेल्या दगड-मातीच्या कांड्या मशीनसोबत आलेल्या नमिता मॅडम लाकडी पेटीत ओळीनं लावायच्या. कुठल्या मीटरला मशीन किती मिनटं अडलं, तेही वहीत लिहायच्या.

"ही माती आमची नाय," महिपती एकदा पेटीवर वाकून म्हणाला. "गाडीतनं आणलीत तुम्ही."

मॅडम चिडल्या नाहीत. "मग काका, तुम्हीच जागा दाखवा."

त्यानं सरळ आपल्या गोठ्यामागं बोट दाखवलं. तिथं त्याच्या बापाला पाया खणताना काळा कातळ लागला होता, पहारी वाकल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सगळी वाडी जमली. दुसऱ्या मीटरला मशीन कण्हायला लागलं. चाळीस मिनटं झाली, नळी हातभरच खाली. महिपती मांडी थोपटून उठला.

"ल्हिवा मॅडम! कातळ हाय म्हणून नीट ल्हिवा."

"लिहिते, काका."

तेवढ्यात आवाज बदलला. नळी सरसर खाली गेली. "आत सोडलेलं पाणी वर येत नाय, खालीच कुठं तरी जातंय!" मशीनवाला रितेश ओरडला.

नळी वर काढली, तर महिपती तिला कुणाला शिवू देईना. टोक त्यानं स्वतः सोडवलं. आत दगड नव्हताच. पिवळी, ओली माती होती, साबणासारखी. चिमटीत धरली तर बोटं घसरली.

"म्हंजे त्यो कातळ..."

"सुटा धोंडा आहे, काका. या मातीवर नुसता टेकलाय."

महिपतीची बायको हौसा गोठ्यात शिरली आणि गाय सोडून उताराला लागली.

"अगो, कुठं नेतेस तिला?" महिपती ओरडला.

"खाली. तू बस सरकारी कागद यायची वाट बघत."

महिपती मातीचे हात सदऱ्याला पुसत मॅडमसमोर उभा राहिला.

"नवी जागा दाखवा. पण घरं बांधायच्या आधी तिथं ह्ये मशीन लावायचं. आन् नळी मीच उघडणार."